कॉइलबंदी

आमचे घरमालक आमच्या घरात शिरायचे ते आधी नाकानं. दार उघडलं की उंबऱ्यातच थांबायचे, मान वर करून डोळे मिटायचे, दोनदा हुंगायचे आणि मगच पाय आत टाकायचे. नवऱ्याला वळ गावातल्या एका गोदामात नोकरी लागली म्हणून आम्ही जुन्नरकडून भिवंडीत आलो होतो. सामान अजून खोक्यांतच होतं, आणि हा उंच, वाळलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा माझ्या दारात उभा राहून वास घेत होता. मला वाटलं, आज आमच्याकडं मटण शिजतंय का याचा अंदाज घेतोय. मटणाच्या बाबतीत त्यांचं घर आणि आमचं घर एकाच पंथाचं, तेव्हा मी जेवायला बसा म्हणणारच होते.

"कॉइल पेटवलीस काय गं पोरी?"

"हो. डास बघा ना किती आहेत."

"विझव. आत्ताच्या आत्ता. या बिल्डिंगीत कॉइल चालत न्हाय."

मीही काही कमी तोंडाची नाही. म्हटलं, "करारात तसं कुठं लिहिलंय?"

"करारात श्वास घ्यायचा असं पन लिहिलेलं न्हाय. घेतेस ना?"

एवढं बोलून ते आत आले, पेटलेली कॉइल पत्र्याच्या स्टँडसकट उचलली आणि माझ्या आंघोळीच्या बादलीत बुडवली. चर्र आवाज झाला. मला तेव्हा पाचवा महिना होता. त्यांनी माझ्या पोटाकडं एकदा बघितलं, लगेच नजर काढून घेतली आणि निघून गेले. बादलीतल्या त्या काळ्या पाण्याकडं बघत मी मनात म्हटलं, इथं आपलं काही जमायचं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. गोदामात त्याला आधीच कुणीतरी म्हणालं होतं, "औषधवाल्या चाचांच्या बिल्डिंगमध्ये राहता? तिथं भाडेकरूंपेक्षा झुरळांना जास्त हक्क आहेत!"

औषधवाले चाचा हे नाव त्यांच्या दुकानावरून पडलेलं. कीटकनाशकाला आपल्याकडं गावोगाव औषधच म्हणतात. माझे वडीलही टोमॅटोवर औषधच मारायचे आणि ढवळायला काठी सापडली नाही तर बादलीत कोपरापर्यंत हात घालायचे. चाचांचं भिवंडीच्या बाजारात खत, बियाणं आणि औषधांचं जुनं दुकान होतं. आसपासच्या गावांतले शेतकरी कीड लागलेलं पान खिशात घालून यायचे. चाचा ते पान उलटंसुलटं करून बघायचे आणि मागच्या फळीवरून नेमका डबा काढून द्यायचे. मग एके दिवशी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं ते कायमचं. माल परत पाठवला, गाळा एका मोबाईलवाल्याला दिला आणि स्वतः हात धुऊन आम्हा भाडेकरूंच्या मागं लागले.

बिल्डिंगमध्ये कॉइलला बंदी, भिंतीत खोचायच्या लिक्विडला बंदी, फवाऱ्याला बंदी, झुरळांच्या खडूला बंदी, कपाटातल्या डांबरगोळ्यांनासुद्धा बंदी. बंदी घालून मोकळे होणाऱ्यातले मात्र ते नव्हते. भर दुपारी पांढरं सिमेंट आणि थापी घेऊन यायचे, ओट्याखाली आडवे होऊन झुरळाची फट अन् फट बुजवायचे आणि वर मलाच ओरडायचे, "ताट खरकटं ठेवतेस, मग पाहुणे येनारच की." मोरीच्या भोकाला जाळी, खिडकीला जाळी, दारालाही जाळी. बाहेरून बघणाऱ्याला आमची बिल्डिंग म्हणजे कोंबड्यांचं खुराडं वाटायचं.

मच्छरदाण्यांची तर कथाच वेगळी. चाचांच्या भाच्याचा शेजारीच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. त्याच्याकडून त्यांनी पातळ कापड विणून घेतलं आणि प्रत्येक घराला एकेक मच्छरदाणी शिवून दिली. कापड पातळ म्हणजे भिवंडीच्या हिशेबानं पातळ. डास आत येत नव्हता हे खरं, पण वाराही येत नव्हता. मे महिन्यात मी आणि नवरा त्यात मोदकांसारखे वाफवून निघायचो. वरच्या मजल्यावर लूमवर काम करणारा एक यूपीचा भाई राहायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, इससे अच्छा मच्छर को ही खाने दो." चाचांनी त्याच्या खिडकीत स्वतः पंखा आणून बसवला, पण मच्छरदाणी काढू दिली नाही.

डेंग्यूचं नाव काढलं की ते आणखीच तापायचे. "म्हनून तर जाळी लाव म्हनतो! डासाला मार ना, कोन न्हाय म्हनतो? त्याच्यासाठी स्वतःच्या नाकात धूर कशाला?" एकदा त्यांनी गच्चीवरच्या टाकीत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडले. तिसऱ्या दिवशी माझ्या बादलीत नळातून एक मासा पडला. मी किंचाळले. चाचा जिना चढून आले, मासा ओंजळीत घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्याला घराबाहेर काढलं होतं.

सगळे कुरकुरायचे, पण घर सोडून कुणी जात नव्हतं. नळ गळला तर निरोप पोचायच्या आत चाचा पाना घेऊन हजर असायचे. मला मात्र त्यांच्याकडं बघून जिवाला घोर लागायचा. त्या माणसाला एका जागी बसलेलं मी पाहिलंच नाही. चहासुद्धा हिंडत प्यायचे. कप हातात घेऊन तळमजल्यावरून निघायचे ते गच्चीपर्यंत, आणि रिकामा कप कुणाच्याही खिडकीत ठेवून द्यायचे. मधेच थांबून उजव्या हाताची बोटं नाकाशी न्यायचे, हुंगायचे, लुंगीला पुसायचे आणि पुन्हा चालायला लागायचे.

एकदा जिन्यात मी त्यांना अडवलंच. म्हटलं, "चाचा, एवढं आहे तरी काय त्या कॉइलमध्ये? अख्खं जग लावतंय."

शेजारून लूमचा खडखडाट येत होता. त्यांनी तिकडं बोट केलं. "कारखाना बघितलास ना? तिथं जॉबर असतो. लूमचा मिस्त्री. तो फिरत फिरत सांगतो, हा लूम चालू कर, तो बंद ठेव, याचा ताण सैल कर. अंगातले हार्मोन म्हंजे जॉबर. पोर कवा मोठी व्हायची, पाळी कवा यायची, पोट कवा राहायचं, समदं तोच सांगतो. आता या औषधांतली काय काय औषधं जॉबरचा शर्ट घालून आत शिरतात. लूमला काय कळतंय? शर्ट बघितला की ऐकतो."

"मग कापड खराब निघतं?"

"कधी निघतं, कधी न्हाय. तीच तर पंचाईत हाय. पन दिसत न्हाय म्हनून न्हाय, असं न्हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी तपासणीला गेले तेव्हा माझ्या डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, जनावरांवरच्या प्रयोगांत काही औषधांचा हार्मोनवर परिणाम दिसलाय, माणसांच्या बाबतीत दाट संशय आहे, खात्रीनं सांगण्याइतकं अजून हातात नाही. टाळता येईल तेवढं टाळा, घाबरून जाऊ नका. माझं तेवढ्यावर समाधान झालं. चाचांना मात्र त्या एका संशयानंच आतून पोखरलं होतं, आणि का, तेही त्यांनी मला त्याच जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं.

छोट्या शेतकऱ्याला औषधाची मोठी पिशवी परवडायची नाही. म्हणून चाचा पिशवी फोडून पांढऱ्या पावडरीच्या सुट्या पुड्या विकायचे. तेव्हा सगळेच दुकानदार विकायचे. पुड्या बांधायचं काम दुकानामागच्या खोलीत चालायचं, आणि तीच त्यांची राहायची खोली. त्यांची एकुलती एक मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून पुड्या बांधायला बसायची. "काय घडी मारायची सांगू! पुडी उलटी केली तरी कन सांडायचा न्हाय. मी गिऱ्हाइकाला दाखवायचो, बघा, माझ्या पोरीच्या हातची हाय." हे सांगताना त्यांचा चेहरा अजूनही फुलायचा आणि लगेच पडायचा.

"एकदा शाळेतून उवा घेऊन आली. तिची आई फणी घेऊन बसली व्हती. मी म्हनलं, फणी कशाला? घरात औषध हाय. मीच लावली पावडर, या हातानी. वर रुमाल बांधला. सकाळला एक ऊ राहिली न्हाय. गल्लीतल्या बायका आपापल्या पोरी घेऊन आल्या. त्यांना पन लावली."

 पोटातल्या पोटात बाळ हललं तेवढं कळलं.

ती मुलगी शिकली, शाळेत शिक्षिका झाली, लग्न होऊन कल्याणला गेली. मूल काही राहिना. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली. एका डॉक्टरनं बोलता बोलता विचारलं, लहानपणी कुठं राहायचात, घरात कसलं काम चालायचं? ती माहेरी आली आणि चहा पिता पिता सहज म्हणाली, "अब्बा, डॉक्टर आपल्या पुड्यांचं विचारत होते." दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

चाचा स्वतः त्या डॉक्टरकडं गेले. माझ्यामुळं झालं का, हो की नाही, एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाला, काका, असं सांगता येत नाही, शंभर कारणं असतात. "एवढी बुकं शिकला आनि हो-न्हाय सांगता येत न्हाय!" ही गोष्ट सांगताना दर वेळी त्यांचा आवाज चढायचा. मला वाटतं, डॉक्टरनं हो म्हटलं असतं तर ते मोडून पडले असते, पण निदान कुठंतरी पडून राहिले असते. आता ते नुसते फिरत होते.

आणि फिरता फिरता ते ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे. नवा भाडेकरू, दूधवाला, भाजीवाली, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही चालायचं. माझ्या पोरीला मूल न्हाय, माझ्या दुकानानं केलं. लोक ऐकायचे, हळहळायचे आणि हातातली कॉइलची पेटी गुपचूप परत करून यायचे. त्या गोष्टीत ताकद होती हे मला कबूल करावंच लागेल. नुसत्या हार्मोनला कोण घाबरतंय?

माझी मुलगी चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारी जिन्यात चाचा तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरणीला तेच सांगत होते. मी बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होते. तेवढ्यात खालून त्यांची मुलगी वर आली. मी तिला आपा म्हणायचे. दर रविवारी ती बापासाठी डबा घेऊन यायची, हसतमुख, बोलकी बाई. बापाचं वाक्य अर्ध्यात होतं, "पोट राहत न्हाय बिचारीचं, सगळे इलाज झाले," आणि ही पाठीमागं उभी. भाडेकरणीनं मान खाली घातली. चाचांनी वळून बघितलं.

आपा आरडाओरडा करणारी नव्हती. ती अगदी हळू म्हणाली, "अब्बा, मी तुमच्या दुकानातलं सँपल आहे का? आलं गिऱ्हाईक की उघडून दाखवायचं?"

"अगं, लोकांना सावध करायला..."

"लोकांना सावध करा. माझं पोट कशाला काढता? सासरी ऐकते, शाळेत ऐकते, आता माहेरच्या जिन्यात पण ऐकायचं? पुन्हा हे माझ्या कानावर आलं तर मी या घरात पाय ठेवणार नाही."

डबा पायरीवर ठेवून ती तशीच उतरून गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चाचांना गोष्ट बंद करता आली नव्हती. तोंडात बसलेली सवय, ती कुठली सुटतेय? कुणीतरी जाऊन तिला सांगितलं असणार. फोन केला की जावई उचलायचा आणि ती कामात आहे म्हणायचा. चाचांचं फिरणं वाढलं. गच्चीवर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून मला वाटायचं, वर जावं आणि यांना धरून एका खुर्चीत बसवावं. बापावर चिडावं की लेकीवर, हेही मला कळेना. दोघांचंही खरं होतं.

त्याच दिवसांत खारबाव गावच्या भेंडी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी त्यांना बोलावलं. जुनी गिऱ्हाइकं ती. भेंडीला अळी फार झालीय, आमची औषधं लागू पडत नाहीत, येऊन बघा म्हणाले. चाचांनी ठरवलं, हीच संधी. तिथं सकाळी फवारणी करायचे आणि त्याच दुपारी आदिवासी पाड्यावरच्या बायका आणि त्यांच्या मुली उघड्या हातांनी भेंडी तोडायला वावरात उतरायच्या, हे त्यांना ठाऊक होतं. बाळाला गावाहून मदतीला आलेल्या माझ्या आईकडं सोपवून मीच त्यांना स्कूटीवरून घेऊन गेले. मागं बसून सगळ्या वाटेनं ते पुटपुटत होते, काय बोलायचं त्याची उजळणी.

समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसं जमली होती, मागं काही मजूर बायका. चाचा उभे राहिले. जॉबरचं सांगितलं, शर्टाचं सांगितलं, फवारणीनंतर किती थांबायचं ते सांगितलं. सगळं बरोबर, सगळं मुद्देसूद. आणि लोक जांभया देत होते. एकजण म्हणाला, "चाचा, तुमीच तर पंधरा वरसं ह्याच औषध दिलात. आमाला त काय न झाला." सगळे हसले. चाचांनी तोंड उघडलं. मला दिसत होतं, ती गोष्ट त्यांच्या ओठांपर्यंत आली होती. ती सांगितली असती तर सगळे गप्प झाले असते. त्यांनी ती तशीच परत गिळली आणि म्हणाले, "झालं माझं बोलून."

 परत येऊन बिल्डिंगपाशी उतरल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तू व्हतीस ना तिथं? तिला फोन कर. सांग, अब्बानी तुझं नाव न्हाय काढलं. माझं ती ऐकनार न्हाय."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. आपानं उचलला. मी सगळं सांगितलं.  तिनं विचारलं, "लोकांनी ऐकलं का?"

"नाही आपा. हसले."

"भेंडी तोडायला पोरी पण येतात का तिथं? शाळेतल्या वयाच्या?"

"येतात."

 मग म्हणाली, "पुढची बैठक कधी आहे ते मला कळवा. मी येते. सांगायचं असेल तर मी सांगेन. माझं आहे ते."

मी चाचांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. ते पांढरेफटक पडले. इतकी वर्षं जो माणूस हो की नाही विचारत दारोदार फिरला, तो आता भीत होता. "ती काय सांगंल गं?" म्हणून त्या आठवड्यात त्यांनी मला किती वेळा विचारलं. मी काय सांगणार? 

अळी हटली नव्हती म्हणून खारबावच्यांनी पुन्हा बोलावलं. त्या दुसऱ्या बैठकीला आपा परस्पर कल्याणहून आली. बापाशी बोलली नाही. चाचा मागं भिंतीला टेकून उभे राहिले आणि ती पुढं गेली. शिक्षिकेचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"यांना तुम्ही ओळखता. यांच्या दुकानातून तुम्ही पावडरीच्या पुड्या न्यायचात, त्या मी बांधायचे. मला फार आवडायचं ते काम. मला मूल झालं नाही. ते त्या पावडरीमुळं का, मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. कदाचित काही संबंधही नसेल. पण माझ्या अब्बांकडं एकदा बघा." सगळ्यांच्या माना मागं वळल्या. "ज्या दिवशी शंका आली त्या दिवसापासून हा माणूस धड झोपलेला नाही. मी यांना कधी दोष दिला नाही. मी दिला असता तर बरं झालं असतं, असं यांना वाटतं. तुम्ही पोरींना फवारलेल्या वावरात उतरवता. पुढं त्यांना काही झालं, तर तुमच्यामुळं झालं असं कुणी म्हणणार नाही, आणि तुमच्यामुळं नाही झालं असंही कुणी म्हणणार नाही. असं जगायची तयारी असेल तर खुशाल उतरवा."

ती खाली बसली. कुणी हसलं नाही. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा टूं टूं आवाज तेवढा येत राहिला. मग मागून एक म्हातारी मजूर बाई उठली. शेजारी बसलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मंग अळी पडली त काय करायचा, ता सांग ना बाय."

आपानं मागं बघितलं. चाचा भिंतीपासून एक पाऊल पुढं आले आणि थांबले. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी आधी लेकीकडं बघितलं.

"सांगा अब्बा," ती म्हणाली. "ते तुम्हालाच माहीत आहे."

चाचा पुढं आले. पहिलं वाक्य बोलले, "आधी पोरींना वावरातून बाहेर काढा." मग त्यांनी कीड लागलेलं एक पान मागून घेतलं आणि ते उलटंसुलटं करत अळीचं काय करायचं ते सांगायला लागले.